मदत हवी आहे: नगरसेवक वाड्यावर येतोय, पालिकेच्या पैशांबद्दल नेमकं काय विचारायचं?

माडाखाली

नमस्कार मंडळी,

उत्तर गोव्यातल्या एका पालिका क्षेत्रात राहतो. पालिकेचं नाव मुद्दाम देत नाही. गाव लहान आहे, सगळे एकमेकांच्या चवथीला (गणेश चतुर्थीला) जाणारे. आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाने रविवारी संध्याकाळी देवळाच्या सभागृहात लोकांशी बोलायला यायचं कबूल केलंय. मागे लागलो म्हणून केलं, आपणहून नाही. तो आल्यावर काय होणार ते मला आजच दिसतंय. कोणी पथदीपांवरून सुरू करणार, कोणी भटक्या कुत्र्यांवरून, एक काका जुन्या नगराध्यक्षांच्या काळातल्या गोष्टी सांगणार. तो "पळयतां हांव" (बघतो मी) म्हणत मान डोलावणार, चहा-भजी होणार आणि पांगापांग.

मला विचारायचंय ते पैशांबद्दल. कारण आमच्या वाड्यावरचं गटार. रस्त्याच्या एका अंगाचं गटार पावसाआधी तोडून नवं बांधलं, वर सिमेंटच्या लाद्या बसवल्या. जुन्या गटारातून निदान पाणी तरी वाहून जायचं. नवं गटार जिथे व्हाळाला (ओढ्याला) मिळतं तिथे त्याचा तळ व्हाळाच्या तोंडापेक्षा वीतभर खाली आहे. म्हणजे पाण्याने चढून जायचं! पहिल्या मोठ्या पावसात लाद्यांच्या फटींतून पाणी वर आलं आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत शिरलं. व्हाळ मात्र कोणी उपसलेला नाही. त्यात झावळं, प्लास्टिक आणि वर चाललेल्या बांधकामाची माती. नगरसेवकाला विचारलं तर म्हणतो, गटार वरून आलेलं काम, आमचं नव्हे. आणि व्हाळाला फंड नाही. कामाच्या फलकावर नारळ फोडणाऱ्यांची नावं ठळक अक्षरात, रकमेची जागा कोरी.

तर विचारायचं हे: आमच्या प्रभागाला वर्षाकाठी ठरावीक रक्कम असते का? अर्थसंकल्पाची प्रत मागायची कशी? (खिडकीवर "साहेबांना विचारून या" एवढंच मिळालं.) मावशीच्या गावात ग्रामसभेत लोक सरपंचाला उभं-आडवं विचारतात, आम्हा शहरवाल्यांना तसं काहीच नाही का? आणि "फंड आला नाही" या उत्तरावर पुढचा प्रश्न कोणता?

पक्षाचं राजकारण कृपया नको.

सत्तरीकर

शेवटून दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. ग्रामसभेसारखं तुम्हाला माझ्या माहितीत काहीच नाही. आमच्याकडे गावांत १९९४ च्या पंचायत राज कायद्याने ग्रामसभा सक्तीची केली, म्हणून पंचायतीला लोकांपुढे यावंच लागतं. तुमचा कायदा १९६८ चा, नगरपालिकांचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पण कलम २४३-ध म्हणा की २४३-एस, ती सक्ती तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या पालिकांनाच. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडची मोठ्यातली मोठी पालिका लाखाच्या आसपास. म्हणजे अख्खा गोवा त्या कलमाच्या बाहेर. गंमत बघा, शे-दोनशे घरांच्या वाड्यावरचा माणूस पंचाला जाब विचारू शकतो आणि पणजी-मडगावच्या माणसाला हक्काची सभाच नाही. राज्याने मनात आणलं तर लहान शहरांतही समित्या नेमता येतात, घटनेने वाट बंद केलेली नाही. पण मनात आणायचं कोणी?

ग्रामसभेत एक शिकलो. आयत्या वेळचा प्रश्न म्हणजे आयत्या वेळचं उत्तर. प्रश्न आधी लेखी द्या.

तिरकस

रविवारी फक्त नगरसेवकच येणार असेल तर अर्धी सभा फुकट. त्याच्या हातात चेकबुक नसतं. पालिका मंडळात त्याचं एक मत, बिलावर सही मुख्याधिकाऱ्याची, गटाराची उंची ठरवणारा अभियंता तिसराच. त्याला एवढंच विचारा: व्हाळ उपसण्याचा ठराव तुम्ही कधी मांडला, आणि इतिवृत्तात तो कुठे आहे? "मी तोंडी सांगितलं होतं" म्हणाला तर समजून जा.

जमाखर्च

पालिकांचे हिशेब तपासण्यात नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर.

"वॉर्डाचं बजेट द्या" असं मागू नका. तसा कागद बहुधा नसतोच, आणि "असं काही नाही" म्हणून तुम्हाला परत पाठवतील, तेही खोटं न बोलता. अर्थसंकल्प शीर्षांप्रमाणे असतो: पगार, कचरा, रस्ते, गटारं, बाजार. जमेच्या बाजूला घरपट्टी, व्यापार परवाने, पालिकेच्या दुकानांचं भाडं, बाजारातला सोपो (विक्रेत्यांकडून घेतात ती जागेची पट्टी), आणि मग सरकारी अनुदानं. प्रत हातात आली की रकमांकडे आधी बघू नका, रकाने बघा. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. नाले-गटार सफाईला समजा दहा लाख ठेवले होते आणि प्रत्यक्ष खर्च दोन, तर "फंड नाही" हे उत्तर तिथेच पडलं. फंड होता, वापरला नाही. आणि दहाचे पंधरा झाले असतील तर ते कुठल्या प्रभागात गेले, हा पुढचा प्रश्न.

दुसरं. शहरातल्या एकाच रस्त्याला आपल्याकडे तीन-चार धनी असतात. पालिका स्वतः, साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं), नागरी विकास यंत्रणा, दिव्यांसाठी वीज खातं, मलनिस्सारणाचं महामंडळ वेगळंच. त्यामुळे "ते आमचं काम नव्हे" हे उत्तर अनेकदा खरंही असतं! नगरसेवकाला खोटं पाडण्याच्या भरीस न पडता प्रत्येक कामापुढे एवढं भरून मागा: निधी कोणाचा, ठराव किंवा मंजुरीचा क्रमांक, निविदेची रक्कम, कार्यादेशाची तारीख, आजवर दिलेलं बिल. काम वरून आलेलं असलं तरी पालिकेचा ना हरकत दाखला घेतला होता का, तेही विचारा. गटार व्हाळापेक्षा खाली बसलं, याचा अर्थ लेव्हल घेतली नाही किंवा घेऊन पाळली नाही. ते नकाशावरून आणि मोजमाप पुस्तिकेवरून (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) कळतं, सभेतल्या भाषणावरून नाही.

वित्त आयोगाचा पैसाही विसरू नका. पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता-कचरा यांना बांधून ठेवला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत पालिकेला मोकळीक, पगार सोडून. शिवाय अनुदान हवं तर हिशेब ऑनलाइन जाहीर करा, अशी अट होती. म्हणजे तुमच्या पालिकेने ते पैसे घेतले असतील तर हिशेब कुठेतरी लोकांसमोर ठेवलेला असणार. आधी तो शोधा.

प्रत देत नाहीत तर माहिती हक्क. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अर्थसंकल्प आणि खर्चाचा तपशील त्यांनी न मागता जाहीर करायचा आहे. अर्जाला ३० दिवस लागतात, म्हणून रविवारची वाट न बघता आजच टाका. "माहिती द्या" याऐवजी "नस्ती (फाइल) आणि प्रत्यक्ष काम यांची पाहणी करू द्या" असंही मागता येतं, आणि ते जास्त उपयोगी.

माहेर_फोंडा_सासर_पुणे

आमच्या पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून कामं मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. फार हुरळून जाऊ नका, बाकडी, दिवे आणि पदपथ यांचाच भरणा जास्त. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. अर्ज पावसाळ्यातच घेतात, कारण पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव तेव्हापासून करावी लागते. तुम्ही व्हाळाची मागणी एप्रिलमध्ये कराल तर तरतूद झालेली असणार आणि मग मेमध्ये घाईघाईत एक जेसीबी फिरवून बिल निघणार. चवथ झाली की लगेच लेखी द्या.

सत्तरीकर

ताईंचं बरोबर. आणि गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०२१ (कुठली जमीन कशासाठी वापरायची, तो) आठवा. गावोगाव नकाशे पाठवून हरकती घेतल्या होत्या, तेव्हा ज्या गावांनी सर्व्हे नंबर टाकून लिहून दिलं त्यांच्याकडे आजही दाखवायला कागद आहे. तुमच्या व्हाळाचाही सर्व्हे नंबर शोधून पत्रात घाला. वरच्या बांधकामाची माती त्यात येते म्हणताय, तर बांधकाम परवान्यातल्या अटीही मागा. व्हाळ अडवणं हा नुसता सफाईचा विषय नाही.

तिरकस

आणि सभेला कोणीतरी लिहून घेणारा बसवा. शेवटी वाचून दाखवायचं आणि नगरसेवकाची सही घ्यायची. सही नाही केली तर तेही लिहायचं.

माडाखाली

सगळ्यांचे आभार, विशेषतः जमाखर्च यांचे. भजी राहतील, काका पण राहतील, त्यांना अडवायची माझी छाती नाही. पण पहिला अर्धा तास फक्त गटार आणि व्हाळ, एवढं वाड्यावर ठरलंय. पाच रकान्यांचा कोरा तक्ता छापून नगरसेवकाच्या घरी आधीच नेऊन दिला. वाचून म्हणाला, "हें सगळें म्हाका खंय मेळटलें?" (हे सगळं मला कुठे मिळणार?) खरं सांगायचं तर त्याची दयाच आली. त्यालाही हे कोणी दाखवलेलं नसावं. मग दोघांच्या सहीने मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र केलं आणि ते इनवर्डला देऊन पोच घेतली. माहिती हक्काचा अर्ज माझ्या एकट्याच्या नावाने टाकलाय, त्यात त्याला ओढलं नाही.

आता एकच अडचण. पाहणीला बोलावलं तर मोजमाप पुस्तिका वाचता येणारा माणूस बरोबर हवा. उत्तर गोव्यात कोणी निवृत्त कनिष्ठ अभियंता किंवा साइट सुपरवायझर एका सकाळपुरता यायला तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे.