एक दिवस नारासाठी राखाच

शाळेच्या जपान सहलीत क्योतोतल्या मोकळ्या दिवशी किंकाकुजी, फुशिमी इनारी आणि आराशियामा ही तिन्ही ठिकाणं उरकावीत, असं कुणी सुचवलंय. मला ते पटत नाही. मुलांची नुसती दमछाक होईल. त्यापेक्षा तो अख्खा दिवस जवळच्या नारा शहराला द्या. रेल्वेने तासाभरात पोचता.

तिथल्या तोदाइजी मंदिरातला ब्राँझचा बुद्ध जवळपास १५ मीटर उंच आहे. इ.स. ७५२ मध्ये त्याचे डोळे रेखले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूने! त्याच्या कुंचल्याला लांबच लांब निळी रेशमी दोरी बांधली होती आणि जमलेल्यांनी ती हातात धरली होती, त्या पुण्यात सगळ्यांचा वाटा असावा म्हणून. तो कुंचला आणि ती दोरी शोसोइन भांडारात आजही जपून ठेवली आहे. आपल्या मुलांना ही गोष्ट मूर्तीसमोर उभं करूनच सांगा, आधी वर्गात नको.

मंदिराबाहेर मोकळी फिरणारी हरणं कागदही खातात, तेव्हा नकाशे आणि तिकिटं पिशवीत ठेवायला लावा.

तोक्योत वेळ मिळाला तर गिंझा भागातल्या काबुकीझा नाट्यगृहात काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाच्या एकाच अंकाचं तिकीटही मिळतं. पूर्ण खेळ काही तास चालतो. एक अंक मुलांना झेपेल, आणि खिशालाही.