१६ हजारांची गिटार आणि पावणेदोन लाखांची: फरक नक्की कुठं आहे?

रंकाळाकाठचा
माझी १६ हजारांची, इंडोनेशियात बनलेली, स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या) घाटाची. मित्रानं परवा पावणेदोन लाखांची अमेरिकन घेतली. रविवारी दोन्ही आमच्या सोप्यात शेजारी ठेवून बघितल्या. लाकडाच्या नावानं उगाच गंडवतात लोक. नेक (गिटारची मान) बॉडीत जिथं बसतो तिथं दोन्हीकडं कागद जाईना. फरक हाताला लागला. माझ्या नेकच्या कडेवरनं बोट फिरवलं की फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं करवतीगत टोचतात, त्याच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल. दुसरं म्हणजे नट, नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. माझा प्लास्टिकचा, तार बेंड केली (बोटानं बाजूला ओढली) की ‘टिक्’ वाजतं आणि जीची तार सुरातनं उतरते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, निम्मं दुखणं गेलं. मग वरचे दीड लाख कशाचे?

जुना_ऑर्केस्ट्रावाला
सोप्यात दोन्ही सारख्याच वाजणार रे. गणपतीत मंडपात वाजवून बघ. गडहिंग्लजला ऐन लावणीत माझ्या स्वस्त गिटारचा जॅक (वायर खुपसायची जागा) सैल होऊन आत गेला. आवाज बंद! ढोलकीवाल्यानं एकट्यानं गाणं ओढून नेलं, मी खाली मान घालून उभा. पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) खरखरणं, स्विच अडकणं हे सगळं आतलं असतं, ते बोट फिरवून कळत नाही.

उद्यमनगरकर
काका, जॅक आणि स्विच बदलायला हजार-दीड हजार पुरे होतात, दीड लाख नव्हे. मी दिवसभर सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापणीच्या मशिनवर) असतो म्हणून सांगतो, लाकूड अचूक कापणं आता स्वस्त झालंय. महाग आहे ते फ्रेट एका पातळीत आणणं. त्याला माणूस, कानस आणि वेळ लागतो. जुन्या एटीएम कार्डाची कड एकावेळी तीन फ्रेटवर टेकवा. डुगडुगली तर मधला उंच. माझ्या गिटारला १३ वर दाबलं की १४ कुरकुरायचा, तो असाच सापडला. अर्थात त्या दीड लाखात कॅलिफोर्नियातला पगार आणि डोक्यावरचं (खुंट्या असतात तिथलं) कंपनीचं नावपण आलंच.

मिरजेची_लेक
हे पटलं. आमच्याकडं सतारीची जवारी (नाद खुलावा म्हणून घोडीला दिलेला घाट) काढताना कारागीर घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, परत घासतो. भोपळा कितीही चांगला असू दे, जवारी बिघडली तर सतार बोलत नाही. पण भावा, गिटारचे फ्रेट असे घासून देणारा मला कोल्हापुरात तरी मिळाला नाही. पुण्याला पाठवली, जाण्यायेण्यासकट साडेचार हजार गेले. हा खर्च कुणी धरत नाही.

आणि ती टोकं मार्च-एप्रिलमध्ये जास्त टोचतात ना? हवा कोरडी झाली की फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटचा धातू आहे तेवढाच राहतो. पावसाळ्यात पुन्हा बघ.

शाहूपुरी_ब्लूज
महाग म्हणजे मजबूत हे कुणी सांगितलं? गिब्सन लेस पॉलचं डोकं मागं कललेलं, नेक महोगनीचा, त्यात ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या) नटसाठी नेमकी तिथंच खाच. स्टँडवरनं आडवी झाली की मान मोडायची भीती. उलट लिओ फेंडरनं १९५४ ची स्ट्रॅट काढली तीच कारखान्यात झटपट जोडता येईल अशी, नेक चार स्क्रूवर. म्हणून तिची स्वस्त नक्कलसुद्धा बरी निघते. चिकटवलेल्या नेकची गिटार स्वस्तात घेताना मात्र दहादा विचार करा.

जुना_ऑर्केस्ट्रावाला
हे बरोबर. पण २२ वर्षं वाजवून सांगतो, रात्री दोनला, घामेजल्या हातानं, मला स्क्रूड्रायव्हर शोधायचा नसतो. त्याचे पैसे मी देईन.

रंकाळाकाठचा
काका, मी मंडपात नाही वाजवत, त्यामुळं माझं मत तेच. फक्त लाकडासोबत फ्रेटचीही पातळी बघायला हवी होती. उद्यमनगरकर, शनिवारी गिटार घेऊन येऊ का? तुमच्याकडं स्टीलची सरळ पट्टी असंलच.

उद्यमनगरकर
ये की. कार्डपण आण.

जुना_ऑर्केस्ट्रावाला
आणि निघायच्या आधी जॅकचं नट आवळ.