अण्णांना फाटकापर्यंत चालून एवढी धाप का लागते?

कृष्णाकाठ (सातारा):
अण्णांना (वय ६८) पावसाळ्यात पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात. डावा पाय बाहेरून गोल फिरवून टाकतात, चवडा फरशीला घासतो. पूर्वी पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत गप्पा मारत जाणारा माणूस आता फाटकापर्यंत जाऊन येतो आणि घामाघूम होतो. इको झाला, हृदय ठीक आहे म्हणाले. आई सारखी मागे असते, "पाय उचला, नीट टाका." ते चिडतात. इतकं सावकाश चालणाऱ्याला उलट कमी दमायला हवं ना?

फिजिओमावशी (मिरज):
आधी आईंना थांबवा. अण्णा आळशीपणाने पाय फिरवत नाहीत. पाय आखूड होत नाही म्हणून तो बाजूने आणावा लागतो, त्यांच्या शरीराने काढलेली ती वाट आहे.

आपण चालतो तेव्हा टेकलेला पाय ताठ असतो आणि धड त्याच्यावरून उलट्या लंबकासारखं पुढे जातं. वर चढताना वेग कमी होतो, उतरताना परत मिळतो. या देवाणघेवाणीत बरीच ऊर्जा वाचते, साधारण ६० ते ६५ टक्के. खरा खर्च एका पायावरून दुसऱ्यावर जाताना होतो. पुढची टाच टेकायच्या जरा आधी मागच्या पायाची पोटरी जमिनीला रेटा देते. तो रेटा वेळेवर मिळाला तर पुढच्या पायावर आदळणं कमी होतं. अण्णांच्या डाव्या पोटरीचा रेटाच गेलाय. मग भाजीची हातगाडी दर पावलाला थांबवून पुन्हा ढकलावी तसं होतं, आणि ढकलतो तो बिचारा उजवा पाय.

आता गंमत बघा. पाय पुढे येताना गुडघा वाकतो तो मुख्यतः मागच्या रेट्यामुळे, आपण मुद्दाम वाकवत नाही. रेटा नाही, त्यात मांडी कडक, मग गुडघा वाकणार कुठून? चवडा घासतो, खुबा वर ओढावा लागतो. "पाय उचला" म्हणून यातलं काही सुधारत नाही.

सावकाश चालण्याचं म्हणाल, तर हिशोब उलटा आहे. निरोगी माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर जातो आणि वजनाच्या किलोमागे मिनिटाला १२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे मीटरला ०.१५. पॅरालिसिसनंतर मिनिटाचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, पण अंतर निम्म्याहून कमी. म्हणजे मीटरमागे दुप्पट किंवा जास्तच. शिवाय अंथरुणावर पडून दमसासही घटलेला असतो. जे काम पूर्वी त्यांच्या अर्ध्याहून कमी ताकदीत व्हायचं, ते आता बरीचशी ताकद खातं.

दहा मीटर मोजून त्यांना चालवा आणि सेकंद सांगा. पायात काय घालतात तेही.

डावखुरा_नाशिक:
मीही यातूनच गेलोय, माझी उजवी बाजू. एएफओ (पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा, पोटरीपर्यंतचा आधार) लावल्यावर चवडा अडकायचा थांबला आणि धापही कमी झाली. पण आपल्या घरांत एक अडचण असते: तो कोल्हापुरीत बसत नाही, आणि नुसता घालून गुळगुळीत फरशीवर चाललं की घसरतो. मी घरात वापरायला वेल्क्रोचे बूट वेगळे ठेवलेत, त्या पायाचा एक नंबर मोठा. देवघरापर्यंत बूट नेण्यावरून बायकोशी तह करावा लागला!

कृष्णाकाठ:
मावशी, अंगणात दोरीने मोजून चालवलं. २८ सेकंद. पायात अंगठ्याची चप्पल. काठी डाव्या हातात द्यावी का? अशक्त बाजू तीच आहे.

फिजिओमावशी:
काठी उजव्याच हातात. डावा पाय पुढे टाकताना ती सोबत पुढे जाते, म्हणजे वजन दोघांत वाटलं जातं.

२८ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.३६ मीटर. ०.४ च्या खाली असलेला माणूस बहुधा घरापुरताच चालतो, ०.८ च्या पुढे गेला की बाहेर बिनधास्त फिरतो. अण्णा ०.४ च्या अगदी जवळ आहेत, नाराज होऊ नका. चप्पल आजच बंद. एएफओ मापाचा करून घ्या, तयार मिळतो तो टाचेला लागतो.

आणि हे ऐकून दचकाल: त्यांना थोडं भरभर चालवा. स्ट्रोकनंतरच्या बऱ्याच रुग्णांत वेग वाढवल्यावर मीटरमागचा खर्च वाढत नाही, उलट कमी होतो. चाल बिघडेल ही भीतीही सहसा खरी ठरत नाही. फाटकापर्यंत एका दमात नको. मध्ये खुर्ची ठेवा, थोडं अंतर जरा जोरात, मग बसणं, पुन्हा तेच.

कृष्णाकाठ:
पडले तर? बीपीची गोळी चालू आहे, नाडी बघत राहू का?

फिजिओमावशी:
गोळी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी) असेल तर नाडी फसवते, फारशी वाढत नाही. त्यापेक्षा बोलतं ठेवा. वाक्य पूर्ण होतंय तोवर चालू द्या, शब्द तुटायला लागले की बसवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारूनही घ्या. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तुम्ही डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहून तो धरा. दंडाला धरू नका, डावा खांदा सैल झालेला असतो, ओढला की निखळू शकतो.