'सहभाग' नको, तर मग काय? 'सिव्हिक एंगेजमेंट'साठी शब्द हवाय

ऐरोलीकर
शहराच्या कारभारात लोकांना ॲपमधून कितपत बोलता येतं, यावरच्या एका संशोधनाची प्रश्नावली मराठीत करतेय. 'पार्टिसिपेशन'ला सहभाग लिहिलं. पुढच्याच प्रश्नात 'एंगेजमेंट' आहे. तिथेही सहभाग लिहिलं तर दोन्ही प्रश्न एकच होतात. काल सोसायटीत चाचणी घेतली. 'तुमचा नागरी सहभाग कोणत्या स्वरूपाचा आहे?' हे वाचून शेजारच्या काकूंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "किती वर्गणी काढताय?" पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणारी बाई ही. प्रश्न तिच्यासाठीच होता, आणि तिलाच कळला नाही.

जुना नौपाडा
काकूंचं काही चुकलं नाही. सह + भाग. 'भज्' म्हणजे वाटणे. वाटा उचलणे हाच मूळ अर्थ, म्हणून तर लोकवर्गणी. माझा आक्षेप 'नागरी'ला आहे. नागरी सहकारी बँक, नागरी वस्ती, इथे सगळीकडे तो शब्द 'शहरी' या अर्थाने रुळलाय. सरळ 'नागरिकांचा' लिहा.

घणसोली सेक्टर
संस्कृत धातू काढून प्रश्नावली भरली जात नाही. एंगेजमेंटच ठेवा, लोकांना कळतं.

ऐरोलीकर
दादा, एंगेजमेंट म्हटलं की आमच्या मजल्यावर साखरपुड्याची तारीख विचारतील. 'गुंतवणूक' पैशाची झाली, 'गुंतणे' प्रकरणात. 'सक्रियता'ही लिहून पाहिलं, निर्जीव वाटलं.

कोलशेत
शब्दाआधी अर्थ ठरवा. शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासिकेने १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं तिसरी पायरी, मत विचारणं चौथी. खरी सत्ता सहावीपासून पुढे. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून लोक अर्थसंकल्पातली कामं ठरवू लागले. माद्रिद शहराच्या 'डिसाइड माद्रिद' या संकेतस्थळावर २०१५ पासून रहिवासी स्वतः प्रस्ताव मांडू लागले. आपल्या बऱ्याच ॲपवर काय असतं? फोटो टाका, तक्रार नोंदवा. मी एकावर गटाराच्या तुटक्या झाकणाचा फोटो टाकला होता. चौथ्या दिवशी 'निकाली' असं आलं, झाकण तसंच. याला सहभाग म्हणू नका, 'तक्रार' म्हणा. मला याचा खरंच राग येतो.

जुना नौपाडा
तक्रार! अरबीत तक्रार म्हणजे पुनरावृत्ती. हिंदी-उर्दूत भांडण झालं, आपल्याकडे गाऱ्हाणं. पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, हे त्या शब्दाच्या मुळातच आहे. पण मराठी शब्द असताना तो कशाला? 'गाऱ्हाणे' घ्या, माझ्या मते 'गर्हणा'वरून.

घणसोली सेक्टर
तक्रारही मराठीच आहे. पोलीस चौकीत कोणी गाऱ्हाणं नोंदवतं का?

कळव्याची मालवणी
आणि गर्ह् म्हणजे निंदा. आमच्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात, त्यात निंदा कुठली? गावातला मानकरी नारळ ठेवून उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून एकेक मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा!" म्हणतात. बोलणारा एक, पण मागणं सगळ्यांचं. आजोबा सांगायचे, होकार देणाऱ्यानेही ते गाऱ्हाणं घातलेलंच असतं. ऐरोलीताई, तुमचा एंगेजमेंट मला त्या होकारात दिसतो.

जुना नौपाडा
'गाऱ्हाणं घालणे' आणि 'गाऱ्हाणं सांगणे' यांत फरक आहे. घालणे देवाला, सांगणे माणसाला.

कळव्याची मालवणी
नाही हो, आई शेजारणीलाही गाऱ्हाणं घालायची. देवगडकडचं कोणी आहे का इथे?