स्वस्त लॅपटॉपचे आतले भाग बदलता यायला हवेत, ही मागणी परवडणारी आहे का?

सुटेभाग:
"लोकांना पातळ लॅपटॉपच हवा असतो" हे उत्तर आता पुरे झालं. आतले भाग बदलायची सोय सगळ्यात जास्त लागते ती स्वस्त मॉडेललाच. ८ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी) मुख्य बोर्डावर सोल्डर केली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडली, आणि रिकामा स्लॉट ठेवला नाही, की त्या मशीनचं आयुष्य विकतानाच ठरलं. प्रोसेसर आणखी पाच वर्षं चालला असता. पण त्या ८ जीबीतूनच ग्राफिक्स आपला वाटा उचलतं आणि न मावलेला भार फायली साठवणाऱ्या एसएसडीवर येतो.
मी सगळंच सुटं मागत नाही. दोन सोडिम स्लॉट (काढता-घालता येणाऱ्या रॅमपट्टीच्या खाचा), एम.२ २२८० मापाच्या एसएसडीची जागा आणि गोंदाऐवजी स्क्रूने बसवलेली बॅटरी द्या. बस्स.

बोर्डवाला:
असहमत. सोल्डर केलेली रॅम ही नुसती लबाडी नाही. सोडिमवरची डीडीआर५ पिढीची रॅम साधारण ५६०० मेगाट्रान्सफरला (सेकंदाला इतके दशलक्ष डेटा-व्यवहार) चालते, तर प्रोसेसरला खेटून बसवलेली एलपीडीडीआर५एक्स प्रकारची रॅम ७५०० च्याही वर जाते, कारण मध्ये कनेक्टर नाही आणि अंतर कमी. वीजही कमी खाते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. सुट्या भागांसाठीच नावाजलेल्या फ्रेमवर्क कंपनीलाही २०२५ च्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डरच करावी लागली; २५६ बिटांच्या बसवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या रुंद मार्गावर) सुट्या रॅमचा सिग्नल टिकेना.

सुटेभाग:
उदाहरण बरोबर, पण ते महागड्या चिपचं आहे. स्वस्त मॉडेलांत बऱ्याचदा आधीच्या पिढीची साधी डीडीआर४, ३२०० वेगाचीच, सोल्डर केलेली असते, तीही एकाच चॅनेलवर (डेटाच्या एकाच वाटेवर). म्हणजे वेगही नाही आणि वाढवायची सोयही नाही! शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ या सुट्या रॅमकार्डाचं मानक आलंच आहे. त्याच्या एलपी प्रकारात एलपीडीडीआरच स्क्रूने बसते.

पेचकस:
सोय दिली तरी नीट वापरता यायला हवी, म्हणून नेमकं कुठे बिघडतं ते लिहितो.
स्लीपवर ठेवून झाकण उघडू नका, पूर्ण बंद करा. स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच जागी कागदावर मांडून ठेवा. मागचे स्क्रू अनेकदा लांब असतात. असा लांब स्क्रू पुढच्या भोकात पिळला की थेट टचपॅडच्या बाजूचं कव्हर फोडतो. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पण वायर धरून ओढू नका. रॅम तिरपी, साधारण ३० अंशांत, सोनेरी कडा जेमतेम दिसेपर्यंत आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा अडकल्याच पाहिजेत.
डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते. तेव्हा मेमरीची जुळणी चालू असते. लोक घाबरून पॉवर बटण दाबतात, तिथेच घोळ होतो. थांबा.
वायफाय कार्ड बदलतानाही असाच घोळ होतो. इंटेलचं एएक्स२११ एएमडीच्या मशीनमध्ये चालणारच नाही, एएक्स२१० चालतं. दिसायला दोन्ही सारखीच.

बोर्डवाला:
माझा मुद्दा हाच तर आहे. अशा चुकांतून आलेली मशीन वॉरंटीत परत येतात आणि तो खर्च किमतीत चढतो. एकच बोर्ड लाखोंनी छापला म्हणून ते मॉडेल स्वस्त पडतं. ग्राफिक्ससाठी एमएक्सएम नावाची बदलता येणारी कार्डं आली होतीच ना? कार्डाचा कनेक्टर एक, पण हीटसिंक, वीज आणि बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) प्रत्येक कंपनीचे वेगळे. बदलायचं म्हटलं की अडलं.

सुटेभाग:
ग्राफिक्स मी मागितलंच नव्हतं. दोन स्लॉट त्या लाखोंच्या बोर्डावरच छापा, म्हणजे ८ आणि १६ जीबीसाठी वेगळे बोर्ड साठवावे लागणार नाहीत. तुमचाच हिशोब माझ्या बाजूने येतो.

बोर्डवाला:
रॅमपुरतं मान्य. पण बॅटरीला फ्रेम आणि स्क्रू आले की जाडी वाढते, नाहीतर क्षमता घटते.

पेचकस:
वाढू दे एक-दोन मिलिमीटर. बॅटरी फुगली की टचपॅड वर उचलला जातो, आणि गोंदाने चिकटवलेली फुगलेली बॅटरी पट्टीने खरवडून काढणं धोक्याचं असतं. सेलला टोच पडली तर पेट घेते. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता यावी असा नियम लागू होतोय. तिथल्यासाठी साचा बदलावा लागणारच आहे, मग तोच साचा सगळीकडे वापरा.