खर्रा खाणारा रुग्ण, सहा आठवड्यांचा व्रण, बायोप्सी ‘निगेटिव्ह’: आता काय?

दंतवैद्य_यवतमाळ
वय ५२, वीसेक वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). खाली उजवीकडे, गाल आणि हिरडीमधल्या खाचेत दीड सेंमीचा व्रण. दुखत नाही. टोकदार दाढ घासून दोन आठवडे वाट पाहिली, फरक शून्य. बाहेरून करून आणलेल्या बायोप्सीत ‘मृत पेशी व सूज, कॅन्सर आढळला नाही’. शेजारची दाढ हलतेय. ती काढून स्टेरॉइडची पेस्ट द्यावी का?

मुखशल्य_नागपूर
दोन्ही नको. पेस्टने वरची सूज उतरते आणि महिना फुकट जातो. दाढ काढलीत आणि कॅन्सरची गाठ खरंच असली, तर तो खड्डा म्हणजे तिला हाडात शिरायला आयती वाट. ग्लव्ह घालून व्रणाची कड बोटांत धरा. कडक, उचललेली, खाली चिकटलेली लागली तर रिपोर्ट काहीही म्हणो, बायोप्सी पुन्हा. जबड्याखाली आणि मानेत गाठी चाचपा. खालचा ओठ बधिर वाटतो का, विचारा. तोंड किती मिमी उघडतं ते लिहून ठेवा. सुपारीच्या फायब्रोसिसने (तोंडातलं अस्तर ताठ होण्याने) ते वर्षानुवर्षं हळूहळू आवळतं. हल्लीच झपाट्याने कमी झालं असेल तर गाठ स्नायूत गेल्याचा संशय घ्या.

स्लाइडवाला
या रिपोर्टवरून तुकडा बहुधा व्रणाच्या मधून घेतलाय. तिथे सडका थरच हाती लागतो. कडेचा सगळ्यात कडक किंवा लाल भाग घ्या, लगतचा थोडा नॉर्मल म्युकोसा (तोंडातलं अस्तर) धरून, चार-पाच मिमी खोल. नुसता पापुद्रा पाठवलात तर कॅन्सरच्या पेशी खाली उतरल्यात का, हे आम्हा पॅथॉलॉजिस्टना सांगताच येत नाही. भूल व्रणात टोचू नका, बाजूला द्या. चिमट्याने चिरडू नका (चिरडलेल्या पेशी वाचता येत नाहीत). १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट. सलाइन चालत नाही. फॉर्मवर नेमकी जागा, खर्र्याची वर्षं, आधीचा रिपोर्ट. जुने ब्लॉकही (मेणात जपलेले आधीच्या बायोप्सीचे तुकडे) मागवा. टोल्युइडिन ब्लू (संशयित भाग रंगवणारा निळा रंग) जागा निवडायला ठीक. रंग धरला नाही म्हणून बायोप्सी टळत नाही.

दंतवैद्य_यवतमाळ
कड कडकच आहे. पण घरचे म्हणतात, चिरा दिला की पसरतो.

मुखशल्य_नागपूर
नाही पसरत. आणि बायोप्सीशिवाय पुढचे उपचार कुणी सुरूही करणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. पॉझिटिव्ह आली की स्लाइड-ब्लॉकसकट महात्मा फुले योजनेतल्या कॅन्सर रुग्णालयात पाठवा. सीटी गाल फुगवून काढायला सांगा, एरवी गाल हिरडीला चिकटून व्रण नेमका कुठून सुरू झाला ते दिसत नाही. दुसरीही निगेटिव्ह आली तर क्षय आणि सिफिलिसच्या तपासण्या लावा, पण कड तशीच कडक असेल तर तिसरी, आणखी खोल.