टाकीत क्लोरीन आहे, शेवटच्या नळाला शून्य. पावडर वाढवायची का?

विहीरकाठ
लोकवर्गणीवर चालणारी गावयोजना आहे. ५०,००० लिटरची उंच टाकी, दिवसातून एकदा दीड तास पाणी. रोज ४०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकतात. टाकीखालच्या नळाला क्लोरीन ०.५ पीपीएम (लिटरला ०.५ मिलिग्रॅम) येतो. सखल भागातल्या शेवटच्या वस्तीत पाणी सुटल्या सुटल्या तपासलं तर शून्य, आणि पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ. समितीत निम्मे म्हणतात पावडर दुप्पट करा, बाकीचे म्हणतात वस्तीजवळ क्लोरीन सोडायचं दुसरं यंत्र (डोसिंग) बसवा. वस्तीत बहुतेक घरी दोन खड्ड्यांचे संडास आहेत. त्यांचा काही संबंध असेल का?

गाळणी
दोन्ही नको, निदान आत्ता नको. आधी नमुना कधी घेता ते बदला. उदाहरणार्थ, ६३ मिमी पाईपच्या ४०० मीटरमध्ये साधारण १,००० लिटर पाणी मावतं. वस्ती सखल आहे म्हणजे पुरवठा थांबल्यावर ते तिथेच साचून राहतं. सुटल्या सुटल्या तपासता ते कालचं पाणी आहे, त्यात क्लोरीन कुठून असणार? अर्ध्या तासाने आणि शेवटच्या दहा मिनिटांत पुन्हा तपासा.

तरीही शून्य आलं, तर टाकीपासून टोकापर्यंत पाच-सहा नळ धरून त्याच दिवशी आकडे घ्या. ०.५, ०.४, ०.३ असा हळूहळू उतरला तर पाईपच्या आतला गाळ-शेवाळ क्लोरीन खातंय. टोकाला वॉश-आउट व्हॉल्व्ह (लाईन धुऊन पाणी बाहेर सोडायचा) बसवून आठवड्यातून एकदा पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. पण एका नळाला ०.४ आणि पुढच्याला एकदम शून्य असेल, तर त्या दोघांच्या मध्ये घाण आत शिरते आहे. पहिलं पाणी गढूळ येतं म्हणता, म्हणून माझा संशय याच्यावर जास्त आहे. अशा वेळी पावडर दुप्पट केली तर वरच्या वस्तीला वास येईल, लोक नळाचं पाणी पिणं सोडतील, आणि गळती तिथेच राहील.

चावी-व्हॉल्व्ह
गाळणींशी सहमत. पाणी बंद झालं की वरच्या भागातली लाईन रिकामी होताना आत ओढ तयार होते. दाब असताना जिथून पाणी बाहेर गळतं, तिथूनच आता बाहेरचं आत येतं. त्या दोन नळांमधली लाईन पायी चालत बघा:

– गटारातून किंवा गटाराखालून जाणारे नळजोड. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो. जोड गटाराच्या वरून घ्या, बाहेरून मोठा पाईप चढवा, आणि त्या टप्प्यात सांधा ठेवू नका.
– पाणी जास्त यावं म्हणून खड्डा करून जमिनीखाली उतरवलेले नळ. खड्डा सांडपाण्याने भरतो, तोटी बुडते, आणि पुरवठा थांबला की तेच पाणी लाईनमध्ये.
– थेट लाईनला लावलेल्या मोटारी. त्या चालू पुरवठ्यातही दाब शून्याखाली नेतात. यावर समितीला वाईटपणा घ्यावाच लागतो.
– पाण्याने भरलेले व्हॉल्व्ह चेंबर, ग्रंथी (दांड्याभोवतीचं पॅकिंग) ढिली असलेले व्हॉल्व्ह.

दुरुस्तीनंतर तेवढा तुकडा ५० पीपीएमच्या द्रावणाने २४ तास भरून ठेवा. १,००० लिटरला ५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे २५ टक्के क्लोरीन असलेली २०० ग्रॅम पावडर. घरचे नळजोड बंद करून, आधी दवंडी देऊनच. नंतर वास जाईपर्यंत लाईन धुवा.

शोषखड्डा
संडासांबद्दल. खड्डे नीट असतील तर त्यांचा दोष नाही. हे बघा: विहीर किंवा विंधन विहिरीपासून किमान १५ मीटर, नळाच्या लाईनपासून ३ मीटर. पावसाळ्यात भूजल जिथपर्यंत चढतं त्याच्या २ मीटर वर खड्ड्याचा तळ.

नेहमीची चूक जंक्शन चेंबरमध्ये (संडासाचा पाईप जिथून दोन खड्ड्यांकडे फुटतो तिथे) असते. एक तोंड वीट आणि मातीने बंद हवं. दोन्ही उघडी राहिली की दोन्ही खड्डे एकत्र भरतात आणि रिकामं करायला सुरक्षित खड्डाच उरत नाही. भरलेला खड्डा किमान दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. दुसरी चूक म्हणजे आतून गिलावा. मग पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो, आणि कोणीतरी गटारात पाईप काढून देतो. तोच पाईप आणि वर सांगितलेला गटारातला नळजोड एकत्र आले की झालंच. त्यामुळे खड्ड्यांपेक्षा आधी गटारात उघडणारे पाईप मोजा. सेप्टिक टाकीचे तर हमखास असतात.

विहीरकाठ
आभार. ४०० ग्रॅम बरोबर आहे का ते कसं ठरवायचं? आणि पावडर थेट टाकीत टाकतात.

गाळणी
थेट नको. चुना तळाशी बसतो आणि ताकद त्यात अडकून राहते. प्लास्टिकच्या बादलीत ४०० ग्रॅम पावडर १० लिटर पाण्यात कालवा (आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी), तासभर निवळू द्या, वरचं पाणीच टाका. टाकी एक तृतीयांश भरल्यावर टाकलं की उरलेल्या भरण्यात मिसळतं. पाणी सोडण्याआधी अर्धा तास हवाच.

पावडर २५ टक्के असेल तर हे १ टक्क्याचं द्रावण झालं. मात्रा ठरवायला २० लिटरच्या चार बादल्या घ्या, द्रावण अनुक्रमे २, ४, ६, ८ मिली टाका, म्हणजे १ ते ४ पीपीएम. अर्ध्या तासाने ज्या सर्वांत कमी मात्रेच्या बादलीत ०.५ उरतो, ती तुमची मात्रा. २ पीपीएमला ५०,००० लिटरसाठी हेच १० लिटर लागतं, म्हणजे तुमचे ४०० ग्रॅम जुळतात. पण गोणी ओलीत किंवा उघडी असेल तर २५ टक्के उरलेलेच नसतात. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की चाचणी पुन्हा करा.

चावी-व्हॉल्व्ह
एक राहिलं. पाणी दूषित असेल तर काळी पडणारी जिवाणू-चाचणीची बाटली क्लोरीन शून्य असलेल्या नळावरच भरा. क्लोरीन असलेल्या पाण्याने ती बाटली काळी पडत नाही आणि समितीला उगाच हायसं वाटतं.